अटी कोणी लिहिल्या?

वेळापत्रके, पाळ्या, बदल्या, जागावाटप अशा कामांसाठी एखाद्या सार्वजनिक संस्थेने गणिती पद्धत वापरायचे ठरवले, की त्यावरचा वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू म्हणते, माणसांच्या आयुष्याचे निर्णय यंत्राच्या हवाली करू नका. आकड्यांना माणूस कळत नाही. दुसरी बाजू म्हणते, माणूस थकतो, विसरतो, आपल्या माणसांना झुकते माप देतो. यंत्राला ना नातेवाईक ना हितसंबंध, तेव्हा त्याचा निर्णय निःपक्षपाती. दोन्हीकडून तेच दाखले, तीच भीती, तोच विश्वास. आणि ज्या कागदावर खरे भांडण व्हायला हवे, तो कागद या सगळ्यात कोणी मागतच नाही.

तो कागद म्हणजे गणिताची मांडणी: काय साधायचे आहे आणि कोणत्या अटी पाळायच्या आहेत, याची यादी. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. नियोजनाच्या मोठ्या, गुंतागुंतीच्या सार्वजनिक प्रश्नांसाठी मिक्स्ड इंटिजर प्रोग्रॅमिंग ही गणिती पद्धत वापरायलाच हवी. ती न वापरण्याची किंमतही माणसेच मोजत असतात. पण ती वापरणाऱ्या संस्थेने उद्दिष्ट आणि अटी साध्या भाषेत, निकालाच्या आधी जाहीर केल्या पाहिजेत, आणि ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होणार आहे त्यांना त्या यादीत भर घालता आली पाहिजे. यंत्र हवे की माणूस हा प्रश्नच फसवा आहे. अटी माणसानेच लिहिलेल्या असतात. कोणत्या माणसाने, कोणाला विचारून, हे पाहायचे असते.

नाव भारदस्त असले तरी पद्धतीमागची कल्पना कळायला अवघड नाही. इथे 'प्रोग्रॅमिंग' म्हणजे संगणकाची आज्ञावली लिहिणे नव्हे. १९४० च्या दशकात अमेरिकी लष्करात प्रशिक्षण आणि पुरवठ्याच्या आराखड्याला 'प्रोग्रॅम' म्हणत, तिथून हा शब्द आला. जे ठरवायचे आहे त्याला चल मानायचे. काही चल कोणतीही किंमत घेऊ शकतात: धरणातून किती पाणी सोडायचे, जनित्राने किती वीज द्यायची. काही चल मात्र पूर्णांकच असावे लागतात: बस एक तर धावते किंवा धावत नाही, रात्रपाळीला अडीच परिचारिका येत नाहीत. मग अटी सरळ रेषेच्या, म्हणजे चलांचे वर्ग किंवा आपसातले गुणाकार नसलेल्या, समीकरणांच्या आणि असमानतांच्या रूपात लिहायच्या, आणि शेवटी कमीत कमी किंवा जास्तीत जास्त काय करायचे ते उद्दिष्ट. पूर्णांकांची सक्ती काढून टाकली तर गणित सोपे होते. १९४७ मध्ये अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी सिंप्लेक्स पद्धत शोधल्यापासून तशी गणिते झपाट्याने सुटू लागली. मग अपूर्णांकात आलेले उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेले तर काय बिघडते? बरेच बिघडते. 'हे केंद्र उघडायचे का' याचे उत्तर ०.५ आले, तर ते शून्याकडे न्यायचे की एककडे? दोन्हीकडे नेल्यावर दुसरीच एखादी अट मोडू शकते, आणि हाती आलेला आराखडा सर्वोत्तमाच्या जवळपासही नसू शकतो.

सगळ्या शक्यता तपासून पाहणे हा मार्गही बंद आहे. पन्नास हो-नाही निर्णय असतील तर शक्यता होतात सुमारे ११ लाख अब्ज. सेकंदाला एक अब्ज तपासल्या तरी १३ दिवस लागतील. निर्णय शंभर झाले तर त्याच वेगाने सुमारे ४० लाख कोटी वर्षे. आणि शंभर निर्णय म्हणजे काय? एका मध्यम रुग्णालयातल्या एका विभागाचा एक आठवडासुद्धा त्यात मावत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० साली यातून वाट काढली. आधी पूर्णांकांची अट सोडून सोपे गणित सोडवायचे. त्याचे उत्तर कागदावर उतरवता येत नसले तरी एक गोष्ट नक्की सांगते: याहून चांगले काही असूच शकत नाही. मग एका चलावर फाटे फोडायचे, प्रत्येक फाट्याची अशीच मर्यादा काढायची, आणि ज्या फाट्याची मर्यादाच हाती असलेल्या उत्तराहून वाईट आहे तो फाटा आत न शिरता छाटून टाकायचा. एका छाटणीत अब्जावधी शक्यता निकालात निघतात. दोन वर्षे आधी, १९५८ मध्ये, राल्फ गोमोरी यांनी अपूर्णांकी उत्तरे कापून काढणाऱ्या जास्तीच्या अटी शोधल्या होत्या. आजचे सॉल्व्हर, म्हणजे अशी गणिते सोडवणाऱ्या संगणकप्रणाली, या दोन्ही कल्पनांच्या जोडीवर उभे आहेत. या क्षेत्रातले रॉबर्ट बिक्सबी यांनी एकाच सॉल्व्हरच्या १९९१ पासूनच्या आवृत्त्या एकाच यंत्रावर तपासल्या, तेव्हा दीड-दोन दशकांत निव्वळ गणिती सुधारणांमुळे वेग सुमारे २९ हजार पट वाढल्याचे दिसले. त्याच काळात संगणक स्वतः किती वेगवान झाले, ते यात धरलेलेच नाही.

या मर्यादेचे मोल वादात कोणी लक्षात घेत नाही. 'याहून चांगले शक्यच नाही' हे वाक्य कार्यालयातून किती वेळा ऐकायला मिळते? साहेब सांगतात, म्हणून ते मान्य करायचे. सॉल्व्हर तेच सांगतो, पण पुराव्यानिशी: हाती असलेल्या आराखड्याचा खर्च १०४ आणि १०२ च्या खाली या अटींवर कोणताही आराखडा असू शकत नाही. त्या दोन आकड्यांतले अंतर हीच आपल्या अज्ञानाची मोजलेली रुंदी. आणि अटी एकमेकींशी जुळतच नसतील, तर तो गप्प बसून सर्वांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात ओझे टाकत नाही. उत्तर नाही असे सांगतो, आणि नेमक्या कोणत्या मोजक्या अटींचा एकत्र मेळ बसत नाही हेही दाखवू शकतो. हाताने केलेल्या नियोजनात विसंगत आश्वासने वर्षानुवर्षे एकत्र नांदतात, कारण ती एका कागदावर समोरासमोर कधी येतच नाहीत.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो, कारण तो खरा आहे. जे लिहिले जात नाही ते गणितासाठी अस्तित्वातच नसते. याचा सर्वांत बोलका अनुभव स्वतः डँट्झिग यांनी सांगून ठेवला आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये प्रश्न मांडला होता: ७७ खाद्यपदार्थांतून नऊ पोषकद्रव्यांची गरज कमीत कमी खर्चात कशी भागवायची? त्यांनी अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलर असे उत्तर काढले. १९४७ मध्ये नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खपून सिंप्लेक्स पद्धतीने खरे किमान काढले, ते निघाले ३९.६९ डॉलर. पुढे वजन कमी करायचे म्हणून डँट्झिग यांनी स्वतःच्या आहारासाठी असेच गणित मांडले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून, पाण्याचा अंश वगळून अन्नाचे वजन जास्तीत जास्त असावे, असे उद्दिष्ट ठेवले. संगणकाने सांगितले: दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर. माहितीच्या तक्त्यात व्हिनेगरमधले पाणी शून्य नोंदले होते. व्हिनेगर काढून टाकले, तर पुढचे उत्तर आले: सूप करण्याच्या खारट वड्या, रोज २००. मिठाची कमाल मर्यादा कोणी यादीत घातलीच नव्हती.

ही गोष्ट गणिताविरुद्ध वापरली जाते. मला तिच्यात नेमका उलटा धडा दिसतो. मीठ किती चालेल ही अट डँट्झिग यांच्या मनात होतीच, पण ती आहे हे त्यांना २०० वड्या समोर आल्यावर कळले. मग त्यांनी वड्यांवर मर्यादा घातली आणि गणित पुन्हा सोडवले. मूर्ख वाटणारे उत्तर म्हणजे न लिहिलेल्या अटीचा पत्ता असतो. तुलनेने हाताने केलेला आराखडा पाहा. त्यातही उद्दिष्ट असते, त्यातही अटी असतात, त्यातही कोणाच्या गैरसोयीला किती वजन द्यायचे ते ठरलेले असते. फक्त ते कुठे लिहिलेले नसते. तो आराखडा कधी ५०० गॅलन व्हिनेगर सुचवत नाही, म्हणून तो शहाणा वाटतो. पण त्यात काय सुटले हे शोधायचे कसे? तीच तीन माणसे दर महिन्याला वाईट पाळीवर का, असे विचारले तर 'जमवताना असे होते' यापलीकडे उत्तर मिळत नाही.

पण दिसणे म्हणजे मान्य होणे नव्हे, आणि इथे गणितवाल्यांनी खाली मान घालावी असा प्रसंग बॉस्टनमध्ये घडला. तिथल्या सार्वजनिक शाळांच्या बस वेगवेगळ्या वेळी भरणाऱ्या शाळांमध्ये फिरवल्या जातात, त्यामुळे शाळेची वेळ आणि बसचा मार्ग एकमेकांत गुंतलेले. एमआयटीमधल्या संशोधकांच्या चमूने बसमार्गांचे गणित सोडवले. सुमारे ५० बस कमी झाल्या आणि ते काम स्वीकारले गेले. मग त्याच बळावर शाळांच्या वेळा नव्याने ठरवल्या. हेतू चांगले होते: किशोरवयीन मुलांना सकाळी पुरेशी झोप मिळावी, लहान मुलांना संध्याकाळी उशिरा घरी जावे लागू नये, आणि सोयीच्या वेळा आजवर ज्या वस्त्यांच्या वाट्याला जास्त आल्या तिथून त्या इतरांपर्यंत पोचाव्यात. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या वेळा जाहीर झाल्या. कित्येक प्राथमिक शाळा सकाळी सव्वासातला भरणार होत्या. पालक खवळले, सभा गाजल्या, आणि त्याच महिन्यात योजना मागे घेण्यात आली.

यावर दोन निष्कर्ष काढले गेले, आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. एक: अल्गोरिदमला कुटुंब कळत नाही. दुसरा: स्वार्थी पालकांनी न्याय्य योजना हाणून पाडली. पहिल्याला मी विचारतो, जुन्या वेळा कोणाला कळत होत्या? त्या विषम होत्या आणि त्यांचा जाब कोणीच देत नव्हते. दुसऱ्याला विचारतो, ज्या आईची कामावरची वेळ बदलत नाही, तिला आधी विचारले होते का की मुलाची शाळा किती मिनिटांपर्यंत सरकलेली चालेल? आजच्या वेळेपासून फार दूर जाऊ नये, ही अट लिहिता आली असती. अशी अट घातली की न्यायाचा थोडा हिस्सा सोडावा लागतो, आणि किती सोडावा लागतो तेही गणितातून मोजून मिळते. त्या आकड्यावर शहराने भांडायला हवे होते. लोकांसमोर मात्र वेळांची तयार यादी आली. तयार यादीवर माणूस फक्त स्वतःच्या शाळेपुरते 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकतो. वाद पालक विरुद्ध यंत्र असा झाला, कारण संस्थेने अटींची चर्चा स्वतःपुरती ठेवून निकाल तेवढा बाहेर आणला.

हेच उलट क्रमाने केले तर काय होते, त्याचे उदाहरण ब्रिटनच्या मूत्रपिंड-अदलाबदल योजनेत आहे. पत्नीला मूत्रपिंड द्यायला पती तयार आहे पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या एका जोडीचीही तीच अडचण आहे. पहिल्या जोडीचा दाता दुसऱ्या रुग्णाला आणि दुसऱ्याचा पहिल्याला, अशी साखळी जुळवता येते. दर तीन महिन्यांनी सर्व जोड्यांची माहिती एकत्र करून अशा साखळ्या निवडल्या जातात, आणि ती निवड पूर्णांकी गणितानेच होते. साखळीत जास्तीत जास्त तीन जोड्या. ही मर्यादा कुठून आली? एकाच्या पत्नीला मूत्रपिंड मिळाल्यावर त्या दात्याने आयत्या वेळी माघार घेतली तर पुढच्या जोडीचे सर्वस्व जाईल. दिलेल्या शब्दासाठी कोणावर शस्त्रक्रियेची सक्ती करता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया शक्य तितक्या एकाच वेळी करायच्या, आणि एकाच वेळी किती शस्त्रक्रियागृहे, किती सर्जन मिळतील याला सीमा आहे. गणिताच्या दृष्टीने ही मर्यादा महागात पडते: फक्त दोन जोड्यांच्या अदलाबदली असत्या तर प्रश्न झटपट सुटणाऱ्या प्रकारातला होता, तिसरी जोडी आली की तो अतिकठीण प्रकारात जातो. तरी मर्यादा तीनच आहे, कारण ती माणसाच्या स्वभावाकडे बघून घातलेली आहे. उद्दिष्टही एका आकड्याचे नाही. आधी दोन जोड्यांच्या, किंवा एक जोडी गळाली तरी दोघांची अदलाबदल शिल्लक राहील अशा तीन जोड्यांच्या, साखळ्या जास्तीत जास्त. मग एकूण प्रत्यारोपणे जास्तीत जास्त. त्यानंतर पुढचे निकष. हा क्रम प्रत्यारोपणाच्या क्षेत्रातल्या जाणकारांनी ठरवला आणि तो उघड आहे. कोणाला वाटेल की एकूण संख्या पहिली हवी. त्याने ते मांडावे, मांडता येते. जीवनमरणाचा निर्णय तिथे 'यंत्रावर सोडला' असे त्या योजनेबद्दल कोण म्हणेल?

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. गणित सगळी ढील खाऊन टाकते. अनुभवी माणूस आराखड्यात इथे दहा मिनिटे, तिथे एक जादा माणूस राखून ठेवतो. सॉल्व्हरला ती उधळपट्टी दिसते. तो सगळे इतके घट्ट बांधतो की एक गाडी उशिरा आली, एक माणूस आजारी पडला की सगळी माळ ओघळते. ढील म्हणजे विश्रांतीही असते. अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या आणि खाद्यगृहांच्या साखळ्यांनी पाळ्या ठरवण्यासाठी संगणकप्रणाली आणल्या, तेव्हा रात्री दुकान बंद करणाऱ्या कामगारालाच पहाटे ते उघडायला यावे लागे, आणि पुढच्या आठवड्याची पाळी दोन दिवस आधी कळे. घर, मुले, शिक्षण, दुसरी नोकरी यांचा त्या गणितात पत्ता नव्हता.

हे सगळे मान्य. पण उपाय काय झाला तेही पाहा. सिएटल शहराने १ जुलै २०१७ पासून कायदा लागू केला: मोठ्या विक्री आणि खाद्यसेवा कंपन्यांत वेळापत्रक १४ दिवस आधी द्यायचे, आणि बंद करण्याची पाळी व उघडण्याची पाळी यांत १० तासांची विश्रांती हा कामगाराचा हक्क. गणिताच्या भाषेत याला काय म्हणायचे? दोन अटी. सॉल्व्हर त्या बिनतक्रार पाळतो, आणि त्या पाळायला मालकाला किती खर्च येतो तेही पैशापैशाने सांगतो, म्हणजे 'असे केले तर धंदाच बुडेल' ही ओरड तपासून पाहता येते. कारखानदारीच्या इतिहासात हे एकदा घडून गेले आहे. १८११ पासून इंग्लंडमध्ये यंत्रे फोडणाऱ्या विणकरांचा संताप खरा होता, त्यांच्या संसारांची वाताहत खरी होती. पण यंत्रासमोर उभ्या असलेल्या स्त्रियांना आणि किशोरांना दिवसाचे तास परत मिळाले ते १८४७ च्या दहा तासांच्या कायद्याने. त्या कायद्याने यंत्राला काही केले नाही. यंत्राच्या मालकाला एक असमानता पाळायला लावली.

वीजनिर्मितीचे उदाहरण मला इथे फार टोचते. उद्या कोणते जनित्र कधी सुरू करायचे, कधी बंद करायचे, हा पूर्णांकी गणिताचा अव्वल प्रश्न आहे आणि अमेरिकेतले मोठे वीजबाजार गेल्या दोन दशकांपासून तो रोज याच पद्धतीने सोडवतात. त्यात अट असते की जनित्र एकदा सुरू केले की किमान इतके तास चालवायचे, बंद केले की किमान इतके तास बंद ठेवायचे, आणि त्याची निर्मिती ठराविक वेगापेक्षा झटकन वाढवायची नाही. का? धातूवर ताण येतो, यंत्र लवकर झिजते. अचानक एखादे जनित्र बंद पडले तर म्हणून राखीव क्षमताही अट म्हणूनच लिहिलेली असते. म्हणजे विश्रांती आणि ढील गणितात लिहिता येतात, आणि लोखंडासाठी आपण त्या कधीच्या लिहिल्या आहेत. माणसासाठी लिहायला कोणी अडवले होते? हा दोष पद्धतीचा म्हणणे मला पटत नाही. जनित्र झिजले तर त्याचा खर्च मालकाच्या वहीत पडतो, कामगार झिजला तर तो दुसऱ्याच कोणाच्या वहीत पडतो. अटी त्याप्रमाणे लिहिल्या जातात. उघडपणाचा आग्रह धरायचा तो यासाठी.

उद्दिष्टाचेही तसेच. तीस जणांत महिन्याच्या रात्रपाळ्या वाटायच्या आहेत. 'एकूण गैरसोय कमीत कमी' असे लिहिले, तर ज्या चार-पाच जणांनी फारशी हरकत नोंदवली नाही, कदाचित बोलायची सवय नाही म्हणून, त्यांच्या अंगावर सगळ्या रात्री पडतील आणि बेरीज छान कमी दिसेल. 'ज्याची गैरसोय सर्वांत जास्त त्याची ती कमीत कमी' असे लिहिले, तर रात्री सर्वांत पसरतील आणि बेरीज थोडी वाढेल. गणिताला दोन्ही उत्तरे निर्दोष. न्याय्य कोणते? ते सॉल्व्हर सांगू शकत नाही आणि त्याने सांगूही नये. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूची चूक इथे आहे. पक्षपात उद्दिष्टाच्या एका ओळीत पूर्ण मावतो, आणि पुढची लाखो आकडेमोड तो निष्ठेने राबवते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. सगळे नियोजन गणितावर सोपवणारी सोव्हिएत व्यवस्था विसाव्या शतकात कोसळली, तेव्हा आता पुन्हा तोच प्रयोग कशाला, असे काही जण विचारतात. घडले मात्र वेगळेच. रेषीय नियोजनाची, म्हणजे पूर्णांकांची सक्ती नसलेल्या त्या सोप्या गणिताची, पहिली मांडणी सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कँटोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमध्ये, प्लायवुडच्या उत्पादनाच्या प्रश्नावरून केली. त्यांच्या गणितातून प्रत्येक साधनसामग्रीचे एक मोल निघे: ती आणखी थोडी मिळाली तर योजना किती सुधारेल. हे मोल अधिकृत अर्थशास्त्राला पचले नाही. या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४० च्या दशकात लिहून तयार होता, तो छापला गेला १९५९ मध्ये. नोबेल मिळाले १९७५ मध्ये. एका रेल्वेडबे-कारखान्यात त्यांच्या पद्धतीने धातूचे पत्रे कापून नासाडी घटवली, तेव्हा भंगार कमी निघाले आणि भंगार पुरवण्याचे ठरवून दिलेले लक्ष्य चुकले म्हणून कारखाना अडचणीत आला, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांकडून सांगितली जाते. लक्ष्य वरून आलेले, बदलण्याची मुभा नाही, आणि ते चूक आहे हे दाखवणारा माणूसच संशयित. उद्दिष्टाला प्रश्न विचारण्याची सोय नसेल तर कोणतीही पद्धत निकामीच ठरणार.

जग सरळ रेषेत चालत नाही, हा आक्षेप थोडक्यात आटोपतो, कारण त्याला १९४८ मध्येच उत्तर मिळाले आहे. डँट्झिग यांनी पहिल्यांदा जाहीर व्याख्यान दिले तेव्हा नामवंत संख्याशास्त्रज्ञ हेरॉल्ड होटेलिंग यांनी उठून नेमके हेच म्हटले. तरुण डँट्झिग गोंधळले. त्यांच्या वतीने गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन उभे राहिले आणि म्हणाले की वक्त्याने आपली गृहीतके स्पष्ट सांगितली आहेत. तुमच्या प्रश्नाला ती लागू होत असतील तर पद्धत वापरा, नसतील तर वापरू नका. मी त्यात एवढीच भर घालीन की पूर्णांक आल्यावर पुष्कळ वाकडे जग तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांनी पकडता येते. आणि जिथे येत नाही तिथे हट्ट करू नये.

आता मधल्या मध्ये चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या प्रतिमानांनी या वादात नवा गोंधळ आणला आहे. 'एआय वेळापत्रक करील' असे सर्रास म्हटले जाते आणि दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात. भाषेचे प्रतिमान वेळापत्रकासारखे दिसणारे वेळापत्रक लिहिते. त्यात एकाच माणसाला सलग दोन पाळ्या लागल्या असतील तर ते तुम्हाला शोधावे लागते. नियमांच्या जुनाट परिपत्रकांतून अटी वेचून काढायला त्याची मदत जरूर घ्यावी. पण अटी पाळल्या गेल्याची खात्री, आणि याहून चांगले नाही याचा पुरावा, या दोन गोष्टी ज्याच्याकडून मिळतात त्यालाच नियोजनाचे काम द्यावे. साधनाचा खर्च हीही सबब आता उरलेली नाही: बर्लिनमध्ये घडलेला 'स्किप' आणि एडिंबरात घडलेला 'हाइज' हे दोन्ही सॉल्व्हर मुक्त परवान्यावर कोणालाही मिळतात.

राहिला अनुभवी माणसाचा प्रश्न. वीस वर्षे हाताने वेळापत्रक लावणाऱ्याच्या डोक्यात जे असते ते कोणत्याही फाइलमध्ये नसते, हे मी पाहिले आहे. एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या ड्युटीपत्रकाची मांडणी करण्यात माझा थोडा हात होता. आम्ही नियमपुस्तकातून अटी काढल्या, सॉल्व्हरने दोन मिनिटांत पत्रक दिले, आणि आम्ही ते मोठ्या समाधानाने त्यांच्यासमोर ठेवले. कोणालाच ते आवडले नाही. मग दुसऱ्या बैठकीला पत्रक न नेता फक्त अटींची यादी नेली, रोजच्या भाषेत, क्रमांक घालून. त्या दिवशी बैठक तीन तास चालली. वर्षानुवर्षे पत्रक लावणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेने एकेक ओळ बोटाने वाचली आणि म्हणाल्या, यात एक गोष्ट नाही: रात्रपाळी करून उतरलेल्या मुलीला त्याच सकाळी प्रशिक्षणाला बसवू नये. नियमपुस्तकात ते नव्हते. त्या स्वतः ते सांभाळून घेत, कधी आपली सुट्टी मोडून, आणि ते कोणाला ठाऊकही नव्हते.

ती अट आम्ही तिथेच घातली. सॉल्व्हरने सांगितले की उत्तर नाही. आम्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या अटी काढायला लावल्या, पाच निघाल्या. चार नियमपुस्तकातल्या, पाचवी त्यांची. हाताशी असलेल्या माणसांत त्या पाचही पाळणे शक्य नव्हते. आणखी दोन जागा भरल्या तर शक्य होते. त्यांनी तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला, आणि विचारले, "यावर तुमच्या सह्या मिळतील का? मला हा वर न्यायचा आहे."